बोट लागते कुठे आणि शहर असतं कुठे

मी चंदीगडहून बोलतोय. इथून सगळ्यात जवळचा समुद्र हजार किलोमीटरच्या वर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे सुखना तलाव, आणि नौदल म्हणजे त्यातल्या पायडल मारायच्या बोटी. तरीही मालिकेच्या मंडळींनी मला विषय दिला तो क्रूझच्या बंदरातून शहरात बस-ट्रेनने कसं जायचं हा. त्याला कारण सुखनाच आहे. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या निवृत्तांच्या टोळीत गेल्या चार-पाच वर्षांत क्रूझची साथ आली आहे. कोणी सिंगापूरहून जाऊन येतो, कोणी मुंबई-गोवा करतो, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो. "कर्नलसाहेब, बोटवाले किनाऱ्यावरच्या सहलीचे माणशी इतके पैसे मागतात. घ्यायची का आपापलं फिरायचं?"

मला का विचारतात? मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. रेशन, इंधन, गाड्या हे आमचं काम. आयुष्यभर माणसं आणि पोती इथून तिथे पोचवली. त्यात एक गोष्ट हाडात मुरली. हजार किलोमीटर कापणं सोपं असतं, शेवटचे दोन किलोमीटर घाम काढतात. रेल्वेने माल साइडिंगला आला म्हणजे तो पोचला असं आम्ही कधी धरत नसू.

चंदीगडकरांना हे वेगळं सांगायला नको. आमचं रेल्वे स्टेशन शहराच्या पूर्वेच्या टोकाला, पंचकुल्याला टेकलेलं. गाडीतून उतरलात आणि सेक्टर १७ ला जायचं तर अजून सात-आठ किलोमीटर. विमानतळाचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये नवी इमारत झाली ती मोहालीच्या बाजूला. धावपट्टी तीच, पण दार पलीकडून. मग शहराला वळसा घालून जायचं. बंदरांचंही असंच असतं. बोटीच्या माहितीपत्रकावर छापतात 'रोम', आणि बोट लागते चिविताव्हेकियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. छापतात 'बँकॉक', आणि लागते लाएम चाबांगला, शंभराहून जास्त किलोमीटरवर. पिरेयसला मात्र अथेन्सची मेट्रो थेट बंदरापर्यंत येते. म्हणजे पहिलं काम पैशांचं नाहीच. नकाशा उघडायचा आणि बोट कुठल्या गावात, कुठल्या धक्क्याला लागणार ते बघायचं. आमच्या भाषेत रेकी.

आता मुंबईवर येतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांची क्रूझ तिथूनच सुटते. बॅलार्ड पिअरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालं आहे, २० सप्टेंबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. पण मला त्या जागेची ओढ वेगळ्या कारणाने आहे.

ऐंशीच्या दशकात मी फिरोजपूरला होतो. सुट्टी मिळाली की पंजाब मेल पकडायची आणि व्हीटीला उतरायचं. तेव्हा ती माझ्या लेखी दीड दिवस धूळ खायला लावणारी गाडी होती. खूप नंतर कळलं की ही गाडी १९१२ मध्ये सुरू झाली ती व्हीटीवरून नव्हे, तर बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर असलेल्या 'मोल' स्टेशनातून. इंग्लंडहून डाक घेऊन बोट यायची, आणि धक्क्यावरच गाडी उभी असायची. तिथून थेट पेशावर, २,४९६ किलोमीटर, सुमारे ४७ तासांत. साउदम्प्टनहून मुंबईचा बोटीचा प्रवास तेरा दिवसांचा. त्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे बोटीचं आणि पुढच्या आगगाडीचं मिळून एकच तिकीट असायचं. बोटीतून उतरा, डब्यात बसा, छावणी गाठा. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेलही वर्षातले काही महिने या धक्क्यावरून सुटत असे. आमच्या अंबाल्याला थांबणारी आजची गोल्डन टेंपल मेल ती हीच, नाव बदललं १९९६ मध्ये.

मी इंग्रजांचे गोडवे गात नाहीये. ती सोय त्यांनी स्वतःसाठी केली होती. त्याच धक्क्यावरच्या हमालाला तिचा काय उपयोग? पण जहाजाचं वेळापत्रक आणि गाडीचं वेळापत्रक एकाच टेबलावर बसून बनवलं होतं, ही गोष्ट मला व्यावसायिक म्हणून आवडते. ते मोल स्टेशन आज नाही. आता तुम्ही त्याच धक्क्यावर उतरता आणि पुढचं तुमचं तुम्ही बघता.

काय बघायचं? बंदर ही कामाची जागा आहे. ट्रक, क्रेन, सुरक्षा दल. आत मनाला येईल तसं चालत सुटता येत नाही. बंदराच्या बसने किंवा ठरवून दिलेल्या वाटेने फाटकापर्यंत यायचं. प्रवासी ज्याला ग्रीन गेट म्हणतात ते बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला आहे. एकदा त्याच्या बाहेर पडलात की तुम्ही मुंबईत आहात, आणि सीएसएमटी साधारण दीड किलोमीटरवर. सामान नसेल तर बॅलार्ड इस्टेटच्या सावलीतून चालत जा, मुंबईत इतके रुंद आणि शांत रस्ते फार नाहीत. सामान असेल तर टॅक्सी करा, मीटरने. दीड किलोमीटरसाठी कोणी तीनशे-चारशे मागितले तर पुढच्या कोपऱ्यापर्यंत चालायचं, भाव आपोआप उतरतो. बेस्टची बस मिळाली तर मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं दहा रुपये आणि एसीचं बारा.

आणि आता सगळ्यात मोठी सोय म्हणजे भुयारी मेट्रो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला. सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही दोन्ही स्टेशनं बंदराच्या फाटकापासून चालत गाठता येतात. तिथून विमानतळाचं टी-टू गाडी न बदलता. संध्याकाळी पेडर रोडवर टॅक्सीत बसून ज्याने विमान चुकवलं आहे, त्याला हे ऐकून बरं वाटेल.

एकत्र तिकिटाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, ती आपल्याकडेही आहे आणि आपण रोज वापरतो. गेटवेहून मांडव्याला कॅटमरानने जा. त्याच तिकिटात मांडवा ते अलिबाग बस येते. बोट लागली की बस उभी, सगळे बसले की निघाली. वीसेक किलोमीटरचा प्रश्न संपला. याला काही परदेशी तज्ज्ञ लागले नाहीत.

माझी स्वतःची पहिली 'क्रूझ' सांगू? भाऊचा धक्का ते विजयदुर्ग, डेकचं तिकीट, वय आठ की नऊ. आम्ही देवगड तालुक्यातले. त्या काळी कोकणात जायचं म्हणजे बोट. कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं माझ्या पिढीला पाढ्यांसारखी पाठ आहेत. डेकवर चटई टाकून जागा धरायची, ओकाऱ्या काढणाऱ्यांपासून लांब. आईने एका ट्रंकेवर मला बसवलं होतं आणि बजावलं होतं, हालायचं नाही. उतरताना बोटीच्या कडेला होड्या लागायच्या. बोट वर, होडी खाली, मध्ये हेलकावणारं पाणी, आणि खालचा तांडेल हात वर करून ओरडतोय, "टाक पोराक!" वडिलांनी मला अक्षरशः टाकला. त्याने झेलला. आज कोणी असं केलं तर त्याचा व्हिडिओ होईल.

पण धक्क्यावर पाय ठेवला की समोर एसटी. कंडक्टरला माहीत असायचं की बोटीला उशीर झाला आहे, आणि तो थांबलेला असायचा. विजयदुर्गात अजूनही जेट्टी आणि एसटी हाकेच्या अंतरावर आहेत. बोट मात्र गेली. पावसाळ्यात ती बंदच असायची, नंतर कायमची बंद झाली.

आता माझी फजिती. शहाणपणा सांगणाऱ्या माणसाने आपली फजिती आधी सांगावी, मी जरा उशिरा सांगतोय.

२०१९. मुलगी सिंगापूरला नोकरीला. तिने आम्हा दोघांना क्रूझ भेट दिली, सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत. सिंगापूरला प्रश्नच आला नाही. मेट्रोने मरिना साउथ पिअर, तिथून चालत टर्मिनल. पेनांगला तर मी प्रेमातच पडलो. बोट स्वेटनहॅम पिअरला लागते आणि तो धक्का जॉर्जटाउन गावाच्या कुशीतच आहे. बाहेर पडलात की घड्याळाचा मनोरा, शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस. आम्ही गेलो तेव्हा गावातून फिरणारी एक बस चक्क फुकट होती. पुढे वेल्ड की जेट्टीवरून २०४ नंबरची बस धरली आणि पेनांग हिलच्या पायथ्याला उतरलो. बोटीवरच्या सहलीच्या तुलनेत आमचा खर्च चहापाण्याचा. मी बोटीवर परतलो तो छाती फुगवून.

दुसऱ्या दिवशी फुकेत. बोट पाटोंगच्या समोर समुद्रात नांगर टाकून उभी. छोट्या बोटीने किनाऱ्यावर. तिथून निळ्या रंगाच्या साँगथ्यू सुटतात, मागून उघड्या, आत समोरासमोर दोन बाकडी. आपलं वडापच. डोंगर ओलांडून पंधराएक किलोमीटरवर फुकेतचं जुनं गाव. माणसं, भाजीच्या टोपल्या, एक कोंबडी, आणि आम्ही. बायको खूश होती. रानोंग रस्त्यावरच्या बाजाराजवळ उतरलो, जुन्या घरांच्या गल्ल्या पाहिल्या, जेवलो. परतायची शेवटची छोटी बोट पाच वाजता. मी फोन पाहिला, तीन वाजून दहा मिनिटं. भरपूर वेळ. मी म्हटलं, आणखी एक देऊळ बघू.

बायको म्हणाली, "माझ्या घड्याळात चार-दहा झालेत."

तिच्या हातात एचएमटीचं चावीचं घड्याळ असतं, आमच्या लग्नातलं. मी तिला आयुष्यभर चिडवत आलो की त्या घड्याळाचं पेन्शन सुरू कर. मी म्हटलं, पुढे गेलं असेल. म्हणता म्हणता माझ्या पोटात गोळा आला. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे. माझा फोन किनाऱ्यावर उतरताच गुपचूप थाई वेळेवर गेला होता. बोट मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चालली होती. आदल्या रात्री केबिनमध्ये आलेल्या कागदावर ते ठळक छापलं होतं, 'बोटीची वेळ बदलणार नाही'. कागद मी वाचला होता. सहीशिक्क्याच्या कागदांवर नोकरी केलेला माणूस मी. वाचला आणि विसरलो.

म्हणजे हातात पन्नास मिनिटं. साँगथ्यू भरायला अजून वीस मिनिटं लागणार, वर डोंगर. आमचे पासपोर्ट बोटीवर जमा. तिचं इन्सुलिन केबिनच्या फ्रिजमध्ये. बोट सुटली असती तर आम्ही दोघं दुसऱ्या देशात, हातात एका पिशवीत छत्री आणि सुकवलेले आंबे. बोटीच्या कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते किंवा ते तुमची सोय करतात. आपापले गेलेल्यांसाठी सहसा थांबत नाहीत, आणि का थांबावं? दोन हजार माणसं वर बसलेली असतात.

मग काय, टॅक्सी. सार्वजनिक वाहतुकीचा हा पुरस्कर्ता टॅक्सीवाल्याने मागितले तितके पैसे देऊन, घासाघीस न करता, मागच्या सीटवर मुकाट बसला. धक्क्यावर पोचलो तेव्हा नऊ मिनिटं उरली होती. त्या नऊ मिनिटांत बायको एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना फक्त म्हणाली, "आता कुणाला पेन्शन द्यायचं?"

तेव्हापासून माझा हिशेब उलटा असतो. फौजेत हल्ल्याची वेळ आधी ठरते आणि मग मागे मागे येत बाकीच्या वेळा लावतात. तसंच. बोटीवर चढायची शेवटची वेळ घ्या, बोटीच्या घड्याळाने. त्यातून दीड तास काढून टाका, तो तुमचा नाहीच. मग जी गाडी तुम्हाला त्या वेळेला बंदरात पोचवते तिच्याही आधीची पकडा. आणि टॅक्सीचे पैसे, त्या देशाच्या चलनात, वेगळ्या खिशात. ते खर्च करायचे नाहीत. परत आणायचे. माझ्याकडे थोडे बाट अजून पडून आहेत.

चिविताव्हेकियाला मी गेलेलो नाही, पण माझा एक कोर्समेट गेला. बंदरातली फुकट बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या चौकात सोडते, तिथून दुसऱ्या बसने किंवा पायी स्टेशन, आणि साध्या लोकल गाडीने रोम. व्हॅटिकन बघायचं तर शेवटपर्यंत, तेर्मिनीपर्यंत जाऊ नका, सान पिएत्रोला उतरा. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये ठोकून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड. त्याने भरला. मी त्याला म्हटलं, तू माझ्यापेक्षा स्वस्तात सुटलास.

आता गोवा, आणि मग आवरतो.

दोन वर्षांपूर्वी मुंबई-गोवा फेरी केली. केबिन साफ करायला येणारा मुलगा मराठी निघाला. बायको फोनवर बहिणीशी मालवणीत बोलत होती ते ऐकून तो दारातच थबकला. शिरोड्याजवळच्या गावातला. आम्ही देवगडचे म्हटल्यावर चेहरा उजळला. म्हणाला, "उद्या माका चार तास सुट्टी असा. आवस येतली वास्कोक. सात म्हयने झाले, बघूक नाय."

बोट लागते मुरगावला. मुरगाव बंदर ते वास्को चारेक किलोमीटर, आणि पणजी तीसेक. आई बंदरात येऊ शकत नाही. मुलगा चार तासांपलीकडे बाहेर राहू शकत नाही. म्हणून वास्को. आई पहाटे घराबाहेर पडणार, एसटीने पणजी, पणजीहून कदंबची वास्को शटल. मुलगा बंदराच्या बसने फाटक, फाटकाबाहेर सडा-बोगद्याकडून येणारी मिनीबस. आम्ही पणजीला निघालो होतो, म्हणून आम्हीही त्याच्याच मिनीबसमध्ये. तो उभाच होता, जागा असूनही. सारखं खिडकीतून बघत होता.

मी एवढा वेळ तुम्हाला सहलीचे पैसे वाचवायच्या गोष्टी सांगतोय. त्या मिनीबसमध्ये मला पहिल्यांदा लक्षात आलं की बोटीवर आमच्यासारखे प्रवासी असतात आणि शेकडो कामगारही असतात, गोव्याचे, कोकणचे, बाहेरदेशचे. बंदरात उतरल्यावर त्यांच्याकडे आमच्यासारखा दिवस नसतो, काही तास असतात. टॅक्सीला पैसे घालायचे की घरी पाठवायचे, हा त्यांच्यापुढचा हिशेब. क्रूझ टर्मिनलला किती काउंटर आणि किती चौरस फूट हे आपण बातम्यांत वाचतो. फाटकावर बस किती वाजता येते हे कुठेच छापलेलं नसतं.

वास्कोला ती उभी होती. नऊवारी नाही, साधी गोल साडी, हातात कापडी पिशवी. पिशवीत आंबोळ्या आणि उसळ. शिजवलेलं अन्न बोटीवर न्यायला मिळत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिथेच बाकावर डबा उघडला. आम्ही ओळख झाल्याबरोबर काढता पाय घेतला.

पणजीची शटल वास्कोहून सुटते ती मध्ये न थांबता. आधी खिडकीवर तिकीट, मग रांग, बसायला जागा असेल तितकीच माणसं. झुआरीवरच्या नव्या पुलावरून गेलो, २०२२ च्या डिसेंबरात त्याचा पहिला भाग खुला झाला. पणजीला कदंबच्या स्टँडवर उतरून पाटोचा पूल ओलांडला की फोंतेन्यासची घरं चालत. आम्ही दोन तास फिरलो, आणि बायकोचं एचएमटी पाहून, फोन पाहून, पुन्हा एचएमटी पाहून परतीची शटल धरली.

वास्कोला उतरलो तेव्हा ती बाई पणजीच्या रांगेत होती. मुलगा अर्ध्या तासापूर्वी गेला होता. तिने बायकोला विचारलं, "तुमी बोटीर जाशात ना? तो येळार पोचलो काय बघशात?" तिचा फोन नंबर बायकोने घेतला. बोटीवर चढल्यावर आमच्या मजल्यावर तो टॉवेलांची गाडी ढकलत होता, गणवेशात. रेंज जायच्या आत बायकोने तिला फोन लावला. ती तेव्हा पणजीला शिरोड्याच्या गाडीची वाट बघत होती.

वेळ संपत आली. चंदीगडच्या मंडळींचा एक प्रश्न राहिला, इथून बॅलार्ड पिअर कसं गाठायचं. विमान आहेच. पण मी सांगेन ती वाट अशी. इथून बसने किंवा गाडीने अंबाला कँट. तिथून गोल्डन टेंपल मेल, म्हणजे आपली फ्रंटियर मेल, मुंबई सेंट्रल. बाहेर भुयारी मेट्रोचं जगन्नाथ शंकरशेट स्टेशन. तिथून हुतात्मा चौक किंवा सीएसएमटी, आणि उरलेलं चालत. बोटीच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचायचं, त्याच दिवशी नाही. गाडीला उशीर झाला तर बोट तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि आता धक्क्यावर मोल स्टेशनही नाही.

आम्ही दोघं पुढच्या महिन्यात याच वाटेने निघतोय. एचएमटीला चावी द्यायचं काम आता माझ्याकडे आहे.